पदकावरचे साल : प्रबोधनकाळातील पोप-पदकांचा संग्रह

पोपचे पदक दिसायला नाण्यासारखे असते, पण ते चलन नाही. त्यावर मूल्य लिहिलेले नसते आणि त्याने बाजारात काही विकत घेता येत नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून रोमचे पोप आपला चेहरा, नाव आणि एखादी घटना धातूवर उमटवून घेऊ लागले. ही पदके राजदूतांना आणि कार्डिनलांना भेट दिली जात, इमारतींच्या पायात पुरली जात आणि पुढे रोमला येणाऱ्या यात्रेकरूंना विकलीही जात. दर्शनी बाजूला पोपचा एकांगी चेहरा, मागच्या बाजूला प्रसंग किंवा प्रतीक, भोवती लॅटिन अक्षरे, ही मांडणी साडेपाचशे वर्षांत फारशी बदलली नाही. सोळाव्या शतकात ठशाने पाडलेली पदके बहुधा ३० ते ४० मिलिमीटर व्यासाची असतात. त्याआधीची ओतीव पदके मोठी आणि जाड असतात. ब्राँझ हा नेहमीचा धातू. चांदीची कमी, सोन्याची फारच कमी, कारण सोन्याची बरीचशी पुढे वितळवली गेली. शिसे स्वस्त आणि मऊ असल्याने नमुने काढण्यासाठी वापरले जाई.

मुंबईच्या उपनगरांत ‘पोपचे मेडल’ या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू निघतात, आणि त्या आधी निवडून बाजूला कराव्या लागतात. पहिली म्हणजे गळ्यात घालायचे भक्तिपदक. ते लंबगोल असते, वर कडी असते आणि त्यावर मारियेची, एखाद्या संताची किंवा क्वचित पोपची प्रतिमा असते. बांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत अशी पदके आजही मिळतात. दुसरी वस्तू म्हणजे मानपदक. तेराव्या लिओ पोपने १८८८ मध्ये सुरू केलेले ‘प्रो एक्लेसिया एत पोन्तिफिचे’ किंवा त्याहून जुने ‘बेनेमेरेन्ती’ ही चर्चसेवेसाठी मिळणारी सन्मानचिन्हे रिबिनीसह येतात. तिसरी वस्तू म्हणजे इथे अभिप्रेत असलेले ऐतिहासिक पदक. गावठाणातल्या जुन्या पेटीतून निघणारे पदक शंभरांत नव्वद वेळा पहिल्या प्रकारचे असते. त्याला कौटुंबिक मोल असते, पण प्रबोधनकाळाशी त्याचा काही संबंध नसतो.

या विषयावर तीनशेहून अधिक वर्षे लिहिले गेले आहे. त्या लेखनातले वाद कलाकारांच्या नावांचे आहेत, मागच्या बाजूच्या प्रतीकांचे आहेत, दुर्मीळपणाचे आहेत. पण संग्राहकाच्या दृष्टीने ते सगळे शेवटी एका प्रश्नाशी येऊन थांबतात. हातातले पदक केव्हा घडले? पदकावर कोरलेले साल हे त्याचे उत्तर नसते. ते साल पोपच्या कारकिर्दीचे किंवा घटनेचे असते, धातूचे नसते. संग्रहात होणाऱ्या बहुतेक चुका हे विसरल्याने होतात.

आधुनिक पदकाची सुरुवात पिसानेल्लो या चित्रकारापासून धरतात. १४३८-३९ मध्ये फेरारा आणि फ्लोरेन्स येथे पूर्व आणि पश्चिम चर्चच्या ऐक्यासाठी परिषद भरली. त्या वेळी इटलीत आलेल्या बायझंटाइन सम्राट आठव्या जॉन पालिओलोगसचे पदक पिसानेल्लोने केले. प्राचीन रोमन नाण्यांवरचे सम्राटांचे चेहरे तेव्हा विद्वानांच्या हातात फिरत होते आणि तशीच कीर्ती आपल्यालाही मिळावी, असे इटलीतल्या राजेरजवाड्यांना वाटू लागले होते. पोपही मागे राहिले नाहीत. प्रातोच्या आंद्रेआ ग्वाझालोत्तीने पाचव्या निकोलसचे (१४४७-५५) पदक केले. ते खऱ्या अर्थाने समकालीन अशा पहिल्या पोप-पदकांपैकी एक आहे.

या सनावळीतून एक साधी कसोटी हाती येते. पाचवा मार्टिन १४१७ ते १४३१ या काळात पोप होता, म्हणजे पिसानेल्लोने पहिले पदक ओतण्याआधीच तो वारला होता. तरीही पाचव्या मार्टिनची पदके बाजारात सर्रास मिळतात. ती सगळी मागाहून केलेली आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिरोलामो पालादिनो याने जुन्या पोपांची एक मालिकाच तयार केली. पोपांची रांग कुठेही तुटू नये, अशी संग्राहकांची हौस होती आणि ठसे कोरणाऱ्याने ती पुरवली. यात फसवणूक नव्हती. पालादिनोच्या काळातल्या ग्राहकाला आपण काय घेतो हे ठाऊक असे. गोंधळ झाला तो पुढच्या पिढ्यांचा.

दुसऱ्या पॉलला (१४६४-७१) या छंदाचा आद्यपुरुष म्हणता येईल. तो स्वतः प्राचीन नाणी आणि कोरीव रत्ने जमवणारा होता. कार्डिनल असतानाच त्याने रोममध्ये आज पालात्सो व्हेनेत्सिया म्हणून ओळखला जाणारा वाडा बांधायला घेतला, आणि आपली पदके मातीच्या भांड्यांत घालून भिंतींत चिणली. पुढे दुरुस्त्यांच्या वेळी ती सापडली. पायाभरणीच्या वेळी तांब्याच्या कलशात नाणी आणि पंचरत्ने ठेवणाऱ्या मराठी घराला यात नवल वाटणार नाही. दुसऱ्या पॉलचा हेतू मात्र वेगळा होता. वाडा पडला तरी बांधणाऱ्याचे नाव मातीत सापडावे, अशी ती तरतूद होती.

पायात पदके घालण्याच्या या प्रथेतूनच सगळ्यांत प्रसिद्ध पोप-पदक आले. १८ एप्रिल १५०६ रोजी दुसऱ्या ज्युलियसने रोममध्ये नव्या सेंट पीटर चर्चची कोनशिला बसवली. त्या निमित्ताने कारादोस्सो या सोनाराने केलेल्या पदकाच्या मागच्या बाजूला वास्तुविशारद ब्रामान्तेने योजलेली इमारत दिसते. मधोमध मोठा घुमट, दोन बाजूंना मनोरे. आज उभे असलेले चर्च तसे नाही. ब्रामान्तेनंतर आराखडा अनेकदा बदलला आणि घुमट मायकेलअँजेलोच्या हातून वेगळाच झाला. त्यामुळे ब्रामान्तेला बाहेरून ही इमारत कशी दिसायला हवी होती, याचा सर्वांत मोलाचा पुरावा हे पदक आहे. वास्तुशिल्पाच्या इतिहासात एवढे वजन असलेली तळहाताएवढी वस्तू दुसरी सांगता येणार नाही. साहजिकच तिच्या नकलाही उदंड आहेत.

सालांच्या दृष्टीने साष्टीच्या वाचकाला सर्वांत जवळचे वर्ष म्हणजे १५३४. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली, ते बेट डिसेंबर १५३४ मधल्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेले. त्याच वर्षी रोममध्ये सोनार आणि शिल्पकार बेन्वेनुतो चेल्लिनी सातव्या क्लेमेंटच्या पदकांचे ठसे कोरत होता. एका पदकाच्या मागे शस्त्रांचा ढीग पेटवणारी शांतिदेवता आहे. दुसऱ्याच्या मागे खडकावर काठी मारून पाणी काढणारा मोझेस आहे, आणि तो ओर्व्हिएतोच्या विहिरीला उद्देशून आहे. १५२७ मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या फौजांनी रोम लुटल्यावर क्लेमेंट ओर्व्हिएतोला राहिला होता. वेढा पडला तर पाणी असावे, म्हणून त्याने तिथे दुहेरी गोल जिन्याची खोल विहीर खणायला लावली. पाण्याला जाणारी खेचरे एका जिन्याने उतरत आणि दुसऱ्याने वर येत. बारवा पाहिलेल्या मराठी माणसाला हे पदक लॅटिन न येताही समजते.

क्लेमेंट २५ सप्टेंबर १५३४ रोजी वारला. १३ ऑक्टोबरला तिसरा पॉल निवडला गेला आणि ३ नोव्हेंबरला त्याच्या नावाने गोवा धर्मप्रांताच्या स्थापनेचे फर्मान निघाले. निर्णय क्लेमेंटच्या काळातला होता, कागद पॉलचा. साष्टीतली पोर्तुगीज चर्चे या धर्मप्रांताच्या अखत्यारीत आली. १५४० मध्ये जेझुइट संघाला मान्यता देणारा आणि फ्रान्सिस झेवियरचा गोव्याचा मार्ग मोकळा करणारा पोपही तिसरा पॉलच. त्याची पदके करणाऱ्यांत ‘ग्रेकेत्तो’ म्हणून ओळखला जाणारा आलेस्सान्द्रो चेझाती होता. त्याचे कोरीवकाम पाहून मायकेलअँजेलोनेही तोंड भरून स्तुती केली, असे कलाकारांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हाझारीने नोंदवले आहे. क्लेमेंटचे चेल्लिनीकृत आणि पॉलचे चेझातीकृत अशी दोन पदके शेजारी ठेवली, तर साष्टीचा कॅथलिक इतिहास जिथून सुरू होतो ती वेळ धातूत दिसते. विषयवार संग्रह करू पाहणाऱ्या उपनगरातल्या माणसासाठी याहून नेमका आरंभ नाही. मूळ प्रती मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच्या.

१५७१ मध्ये लेपान्तोच्या आरमारी विजयावर पाचव्या पायसचे पदक निघाले. त्याच सुमारास कोकणात मुर्तजा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला होता. त्यावर रोममध्ये कुणी पदक पाडले नाही.

तेरावा ग्रेगरी (१५७२-८५) हा मात्र सविस्तर पाहावा असा पोप आहे. बांद्र्याचे सेंट अँड्र्यू चर्च १५७५ चे आणि मरोळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ चे. दोन्ही त्याच्याच कारकिर्दीतली. मरोळच्या चर्चचे अवशेष आज अंधेरीच्या सीप्झच्या आवारात उभे आहेत. ग्रेगरीच्या पदकांपैकी तीन संग्राहकांच्या बोलण्यात सतत येतात.

पहिले १५७२ चे. पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी सुरू झालेल्या ह्युगनो प्रॉटेस्टंटांच्या कत्तलीवर ते निघाले. हातात क्रूस आणि तलवार घेतलेला देवदूत पळणाऱ्यांवर चालून जातो आहे, आणि वर ‘ह्युगनोंचा संहार’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. ठसे फेदेरिको बोन्झान्यीचे. कत्तलीचा आनंद धातूत कोरून ठेवणारे हे पदक पोपच्या विरोधकांनाही हवेच होते, पुरावा म्हणून. मागणी राहिली, म्हणून ते पुढेही पाडले जात राहिले. आज दिसणाऱ्या बऱ्याच प्रती ग्रेगरीनंतरच्या आहेत.

दुसरे १५८२ चे, पंचांगसुधारणेचे. मागच्या बाजूला मेंढ्याचे म्हणजे मेष राशीचे मस्तक, भोवती ग्रेगरीच्या बोन्कोम्पान्यी घराण्याचा पंखवाला सर्प आणि ‘आन्नो रेस्तितुतो’ ही अक्षरे. अर्थ, वर्ष पूर्ववत केले. वसंतसंपाताची तारीख सरकत गेली होती, म्हणून ग्रेगरीने दहा दिवस गाळले. पोर्तुगालने सुधारणा लगेच मान्य केली आणि पाठोपाठ त्याच्या भारतातल्या मुलखातही ती आली. इंग्रजांनी मात्र ती १७५२ पर्यंत नाकारली. मुंबई बेट १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले आणि साष्टी १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिली. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षे माहीमच्या खाडीच्या अलीकडे एक तारीख होती आणि पलीकडे दुसरी. फरक १७०० सालापर्यंत दहा दिवसांचा, त्यानंतर अकराचा. माहीमहून नावेने बांद्र्याला गेलेला माणूस दहा दिवस पुढे पोचत असे. पंचांगाचा हा वाद ज्या वस्तूवर कोरला गेला ते पदक साष्टीच्या संग्रहात असलेच पाहिजे, मग ते उशिरा पाडलेले का असेना.

तिसरे १५८५ चे, जपानी शिष्टमंडळाचे. क्यूशूच्या ख्रिस्ती सरदारांच्या वतीने चार तरुण १५८२ मध्ये नागासाकीहून निघाले. वाटेत ते गोव्यात थांबले आणि २३ मार्च १५८५ रोजी त्यांनी रोममध्ये पोपची भेट घेतली. परततानाही ते गोव्यावरूनच गेले. पदकावरच्या मजकुरात जपानच्या राजांकडून आलेला पहिला दूतसंघ असा उल्लेख आहे, गोव्याचा नाही. भेटीनंतर तीन आठवड्यांच्या आत ग्रेगरी वारला.

आता तंत्राकडे. पंधराव्या शतकातली पदके बहुतेक ओतीव आहेत. कलाकार मेणात नमुना करी, त्यावरून साचा, साच्यात वितळलेला धातू, आणि शेवटी कानशीने व छिन्नीने सफाई. मधूच्छिष्ट पद्धतीने मूर्ती ओतणाऱ्या भारतीय कारागिराचे आणि या इटालियन सोनाराचे काम मुळात एकच आहे. सोळाव्या शतकात पोलादी ठसे कोरून पदक पाडण्याची पद्धत रूढ झाली. पुढे मळसूत्री दाबयंत्र आले, तेव्हा मोठ्या आकाराची पदकेही एकसारखी पाडता येऊ लागली. दोन्ही पद्धतींत नंतरच्या प्रती वेगवेगळ्या वाटांनी तयार होतात, म्हणून त्या ओळखण्याच्या खुणाही वेगळ्या आहेत.

ओतीव पदकाची नक्कल पदकावरूनच साचा घेऊन करतात. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा साधारण एक ते दोन टक्के लहान भरते. ५६ मिलिमीटरच्या पदकात हा फरक अर्ध्या ते एक मिलिमीटरचा पडतो. फूटपट्टीने तो कळत नाही, कॅलिपरने कळतो. नकलेवरून नक्कल केली की आकार आणखी घटतो, केसांच्या बटा बोथट होतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. कडेला कानशीच्या ताज्या खुणा असतील किंवा आडवी जोडरेषा असेल, तर संशय घ्यावा. वजनाचा आधार कमी, कारण जाडी मुळातच कमीजास्त असे.

ठशाने पाडलेल्या पदकाचे गणित निराळे. ठसा टिकला तर शंभर वर्षांनीही त्याच ठशाने पदक पाडता येते, आणि ते आकाराने कमी भरत नाही. हामेरानी घराण्याने सतराव्या आणि अठराव्या शतकांत पिढ्यान्‌पिढ्या पोपची पदके केली. त्यांच्याकडचे ठसे १७९६ मध्ये पोपच्या टांकसाळीने विकत घेतले. टांकसाळीकडे असलेल्या ठशांची यादी फ्रान्चेस्को मात्सियोने १८२४ मध्ये छापली. तिला ग्राहकांसाठीचे मागणीपत्रकच म्हणता येईल. सोळाव्या शतकाचे साल असलेले पण एकोणिसाव्या शतकात पाडलेले पदक यामुळे सर्वांत जास्त भेटते. त्याच्या खुणा अशा: ठसा गंजल्याने मोकळ्या जागेत उठलेले बारीक फोड, ठशाला गेलेल्या तड्याची उंच रेषा, अगदी काटेकोर गोल आणि सपाट कड, आणि सगळीकडे सारखा तपकिरी चॉकलेटी रंग. आणखी एक खूण ‘मिश्रविवाहाची’: एका पोपचा चेहरा आणि दुसऱ्याच पोपच्या काळातली मागची बाजू. टांकसाळीत ठशांच्या जोड्या जुळवताना इतिहासाची फार फिकीर केली जात नसे.

अशा पदकाला खोटे म्हणावे का? जाणकारांची मते इथे फुटतात. ते टांकसाळीचेच आहे, ठसा खरा आहे, फक्त वेळ चुकीची आहे. ते खरे पदक आहे पण एकोणिसाव्या शतकाचे, ही भूमिका सर्वांत रास्त वाटते. विक्रेत्याने तसे सांगितले आणि दाम तसाच लावला तर तक्रारीला जागा नाही. मुंबईत हा छंद आटोक्यातल्या खर्चात करायचा असेल, तर मुख्य भरणा याच पदकांचा राहणार. नुसत्या ‘अस्सल’ या शब्दावर मात्र विसंबू नये. विचारायचे ते एवढेच की पदक ओतीव की पाडलेले, आणि पाडलेले असेल तर कधीचे.

तुलनेसाठी घंटेचे उदाहरण घेता येते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकी प्रसिद्ध, तिच्यावर १७२१ हे साल आहे. घंटा एकदाच ओतली जाते, त्यामुळे तिच्यावरचे साल आणि धातूचे साल एकच असते. पदकाच्या बाबतीत ही खात्री नाही.

ग्रंथांकडे वळता, फिलिप्पो बोनान्नी या जेझुइटाचा १६९९ मधला दोन खंडांचा ग्रंथ आणि रोदोल्फिनो व्हेनुतीचा १७४४ मधला ग्रंथ हे जुने आधार. त्यांतली चित्रे सुबक आहेत, पण समकालीन पदक आणि मागाहून केलेले पदक हा भेद त्यांनी काटेकोरपणे पाळला नाही. उलट, छापील चित्रे पाहून पदके करण्याचा उद्योगही चालला. खरी शिस्त जी. एफ. हिल यांनी आणली. चेल्लिनीच्या आधीच्या इटालियन पदकांचा त्यांचा १९३० चा सूचिग्रंथ आजही टेबलावर लागतो, कारण त्यात व्यास मिलिमीटरमध्ये दिलेले आहेत आणि आकसलेली नक्कल त्यावरून पकडता येते. सर्व पोपांसाठी आदोल्फो मोदेस्ती यांचा २००२ पासून निघालेला बहुखंडी ग्रंथ वापरतात. मराठीत या विषयावर स्वतंत्र पुस्तक नाही. मोठे संग्रह व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांतली अनेक पदके मोजमापांसह संगणकावर पाहता येतात. पदक विकत घेण्याआधी अशा दहा प्रती पाहाव्यात.

मुंबईत या छंदाची वडीलधारी व्यक्ती म्हणून डॉ. जुझे जेर्सन द कुन्या (१८४४-१९००) यांचे नाव घ्यावे लागते. मूळचे गोव्यातल्या बारदेशचे, व्यवसायाने डॉक्टर. १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर आणि १८८० मध्ये इंडो-पोर्तुगीज नाण्यांवर त्यांचे ग्रंथ निघाले. १८७८ च्या फ्लोरेन्सच्या प्राच्यविद्या परिषदेला ते गेले होते. त्यांचा नाणेसंग्रह त्या काळच्या मुंबईत मोठ्यांपैकी गणला जाई. त्यांच्या कामातून साष्टीच्या चलनाचे चित्र स्पष्ट होते. गोव्याची टांकसाळ १५१० पासूनची, वसईतही सतराव्या शतकात नाणी पडत. त्यांवर क्रूस, राजचिन्ह, संत तोमा, संत सेबास्तियन असे काय काय येते. पोपचा चेहरा येत नाही, कारण सत्ता राजाची होती. पोपचा चेहरा साष्टीत धातूवर आला असेल तर एखाद्या पाद्र्याच्या सामानातून किंवा जपमाळेला लावलेल्या भक्तिपदकातून. रोमहून मेणाच्या चकत्याही येत. पोपने आशीर्वाद दिलेल्या त्या ‘आन्युस देई’ चकत्यांवर कोकराची प्रतिमा असे.

डोळा तयार करण्यासाठी उपनगरातच एक चांगली जागा आहे. गोरेगाव पूर्वेला सेंट पायस कॉलेजच्या आवारात मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय २०११ पासून आहे. चर्चमधल्या लाकडी आणि हस्तिदंती मूर्ती, चांदीची पात्रे आणि पूजावस्त्रे तिथे जवळून पाहता येतात. प्रबोधनकालीन पदके हा त्याचा विषय नाही, पण पदकांवरच्या प्रतिमा, तिहेरी मुकुट, किल्ल्या, कोकरू, मेरीचे प्रकार ओळखायला तिथे शिकता येते. नाणी पाहायची तर दक्षिण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचे चलनसंग्रहालय. अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संस्था.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत हव्यात. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा नाणे ‘पुरातन वस्तू’ ठरते आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही. कायदा वस्तू कुठल्या देशात घडली हे पाहत नाही. परदेशातून आणलेले जुने पदक मुंबईत स्थिरावले की बाहेर विकायला नेणे सोपे राहत नाही, म्हणून आयातीची कागदपत्रे आणि पावती पदकाइतकीच जपावी. इटलीतूनही जुनी कलावस्तू बाहेर काढायला परवाना लागतो. दुसरी गोष्ट जमिनीतून निघालेल्या वस्तूंची. १८७८ च्या निखातनिधी कायद्याखाली दहा रुपयांहून जास्त किमतीचा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पुनर्विकासासाठी जुने बांधकाम पाडताना पायातून काही निघाले, तर हाच नियम.

जपणुकीच्या बाबतीत उपनगरांची हवा पदकांची वैरी आहे. खाडी जवळ, हवेत क्षार, आणि पावसाळ्याचे चार महिने ओल. ब्राँझमध्ये क्लोराइड शिरले की फिकट हिरवी भुकटी धरते. याला ब्राँझचा रोग म्हणतात. तो पसरतो आणि पदक खात जातो. गडद, घट्ट हिरवट थर मात्र रोग नव्हे, ती पदकाची कमाई आहे. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांतले काहीही लावले की चारशे वर्षांचा थर दहा मिनिटांत जातो आणि त्याबरोबर निम्मी किंमतही. घरात देव घासण्याची सवय असलेल्यांना हे बजावून सांगावे लागते. शिशाच्या पदकांचा शत्रू वेगळा: प्लायवुड आणि ताज्या लाकडाच्या कपाटांतून निघणारी आम्लवाफ शिशाची पांढरी भुकटी करते. धातूचे कपाट, आम्लरहित कागद, सिलिका जेलच्या पुड्या आणि दर पंधरवड्याला एक नजर एवढे पुरते. मऊ पीव्हीसी पाकिटे टाळावीत. पदक कडेने धरावे.

सुरुवात करणाऱ्यासाठी एक पदक असे आहे ज्याच्यावरचे साल आणि घडल्याचे साल यांत सहसा तफावत नसते. २ डिसेंबर १९६४ रोजी सहावा पॉल सांताक्रूझच्या विमानतळावर उतरला. भारतात आलेला तो पहिला पोप. ओव्हल मैदानावर भरलेल्या अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदेसाठी तो आला होता आणि ५ तारखेला परतला. परिषदेची स्मरणपदके निघाली, भक्तांनी ती घरी नेली. हलक्या धातूची, कलेच्या दृष्टीने सामान्य, चेल्लिनीच्या पासंगालाही न पुरणारी. पण ती कुठे, केव्हा आणि कशासाठी निघाली हे सांगणारी माणसे मरोळ, कुर्ला, बोरिवलीच्या गावठाणांत अजून आहेत. पदकाबरोबर त्यांची आठवणही लिहून घ्यावी.